आक्काची दुसरी घंटी

चहा खाली ठेवा आधी. हे मी एकदाच सांगणार हाये, अन् मधात कोणी दात काढले तर उठून जाईन. माह्या पोरानं अर्ध्या चिखलीले ही गोष्ट सांगून ठेवली, ती पण मीठमसाला लावून. म्हणून म्हटलं, बेइज्जती माही हाये तर ती माह्याच तोंडून होऊ द्या. दुसऱ्यानं काऊन करावी?

तर सगळी आग लावली ती फोननं.

मोबाइल नाही म्हणत मी. मोबाइल मले नाही, अन् मले पाहिजे बी नाही. माणूस संडासात बसला तरी लोक त्याले शोधून काढतात, असं आयुष्य कोणी सांगतलं? मी म्हणतो तो घरचा फोन. काळा, वजनदार, कोणाच्या टाळक्यात घातला तर तो दोन दिवस उठणार नाही असा. लाइन घेतली तवा मी बाजार समितीत मापाडी होतो अन् आमच्या गल्लीत पहिला फोन माह्या घरी आला. लोक चपला काढून पाहाले येत. आज तोच फोन पाहून माही सून म्हणते, याले भंगारवाला तरी घेईन काय?

तो फोन घरात राह्यला त्याले कारण एकच. माही आक्का.

आक्का म्हणजे माही मोठी बहीण, वच्छला. संग्रामपूरले दिली, तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. मी चार वर्षांचा असताना माय गेली, मले वाढवलं ते आक्कानं. ती तवा अकरा-बारा वर्षांची असन. तिच्या हातच्या भाकरी जास्त खाल्ल्या की तिच्या हातचा मार, हे मले अजून सांगता येत नाही. लेकरूबाळ नाही, दाजी गेल्यापासून एकटी राहते. चिखलीले चाल म्हटलं तर म्हणते, तुह्या घरी येऊन तुही किरकिर ऐकण्यापेक्षा मी इथंच बरी. ऐंशीच्या पुढं गेली, पण जिभेची धार गेली नाही.

फोन आला तवा दाजींनी एक कायदा करून ठेवला. त्या वक्ती लांबचा फोन म्हणजे चैन होती. म्हणून फोन उचलायचाच नाही, घंटीवरून समजून घ्यायचं. दोन घंट्या वाजून बंद झाला तर समजा, सगळं ठीक. तीन वाजून बंद झाला तर बोलाचं हाये, परत लावतो, तेव्हा उचल. अन् एकच वाजून बंद झाला, तर हातातलं टाकून निघून ये. सकाळी सातले आक्कानं दोन घंट्या द्यायच्या, संध्याकाळी सातले मी. फोन सस्ता झाला, मंग फुकट झाला, दाजी बी गेले, पण कायदा राह्यला. बोलणं आमचं राखी-दिवाळीले होते. पण घंट्या रोज. त्याले इतके वर्स झाले, एकाच घंटीचा फोन फक्त एकदा आला. दाजी गेले त्या सकाळी.

आता समजलं मी सकाळी पावणेसातले फोनपुढे काऊन बसतो? त्या टायमाले घरात मिक्सर लावाचा नाही. टीव्ही नाही. कोणी बोलाचं नाही. सूनबाई मागून मले फोनचा पुजारी म्हणते. तिले वाटते मले ऐकू येत नाही.

अन् मोजण्यात माही चूक होणार नाही, हे लक्षात ठेवा. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्स मी बाजारात पोते मोजले. आमच्यात पहिल्या मापाले एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आक्काची पहिली घंटी आली की मी मनात लाभ म्हणतो, दुसरी आली की दोन, अन् मंग चहाले तोंड लावतो. रोजचं.

आता आमचा प्रकाश. माहा पोरगा, तहसीलमधे बाबू हाये. त्यानं काय केलं, पावसाळ्यात लाइन खरखर करे, कधी आठ-आठ दिवस मुडदा पडून राहे, तवा मी घरात सगळ्याइले शिव्या देत फिरू. हे त्याले सहन नाही झालं. एक दिवस हापिसातून आला अन् म्हणे, बाबा, आता तांब्याची तार काढून टाकू. काचेची तार घेऊ. नंबर तोच राहते, फोन तोच राहते, फक्त आवाज इंटरनेटमधून येते.

मी म्हटलं, काचेची तार? अन् बांदरानं उडी मारली तर?

म्हणे, फुटत नाही ती.

मी म्हटलं, काच हाये अन् फुटत नाही, मंग ती काच कायची?

त्यानं मले समजावून सांगतलं की त्या तारेतून उजेड पळते अन् उजेडावर बसून आवाज येते. अशा माणसाच्या हाती सरकारनं लोकाइचे सातबारे देऊन ठेवले हायेत. तुम्हीच सांगा, कसं होणार?

आठ दिवस घरात हेच भांडण चाललं. शेवटी बुढी मधात पडली. बुढी म्हणजे आमचं घर, तुमची काकू. ती म्हणे, लाइन मुडदा असली की तुम्ही आक्काच्या नावानं दिवसभर आतबाहेर करता, जेवत नाही. घ्या ना ती काचेची. आता यात जेवणाचा काय संबंध, मले माहीत नाही. पण मी हो म्हटलं. हीच माही पहिली चूक.

सोमवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा असन, पोट सुटलेलं, खांद्यावर शिडी. त्यानं खांबावरून तार ओढली, माह्या भिंतीले दोन भोकं पाडली, अन् कोनाड्यात एक पांढरा डबा ठोकला. डब्यावर चार हिरवे दिवे. माहा काळा फोन त्यानं त्या डब्याच्या मागं खुपसला. जशी म्हैस दावणीले बांधावी. मले तर ते पाहूनच चीड आली.

सगळं झाल्यावर म्हणे, "काका, पाच मिनिटं थांबा. बाहेरून एक फोन लावून पाहू, घंटी बरोबर येते का. अन् एक इकडून लावू."

मी म्हटलं, "तू मले फोन शिकवतो काय बे? तू हाफपँटीत होता तवापासून हा फोन माह्या घरी वाजून राह्यला."

"तसं नाही काका, या डब्याचं थोडं येगळं राहते..."

"डब्याचं तू पाह्य. फोनचं मी पाहतो. चाल, निघ."

तो बिचारा शिडी उचलून गेला. हो, आता म्हणतो बिचारा. तवा नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी बरोबर सातले मी आक्काले फोन लावला. आवाज साफ, खरखर नाही. कानात घंटी वाजली, लाभ. दुसरी वाजली, दोन. ठेवला. प्रकाश दारात उभा राहून पाहत होता. म्हणे, झालं ना बाबा? मी म्हटलं, हूं. जास्त बोललो नाही. पोराले जास्त बोललं की ते डोक्यावर बसते.

मंगळवारी सकाळी पावणेसातले चहा घेऊन बसलो. सात वाजले.

फोन वाजला. मनात म्हटलं, लाभ.

अन् थांबलो.

दुसरी येईच ना. डब्याचे चारही दिवे हिरवेगार, मस्त लुकलुकून राह्यले. मी कान फोनले लावला. काही नाही. माह्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतून धोतरावर, मले चटका बी समजला नाही.

एकच घंटी.

मी इतक्या जोरात वरडलो की प्रकाश तोंडात ब्रश घेऊन आला. म्हणे, काय झालं? मी म्हटलं, एक आली. त्याले बी कायदा माहीत होता, लहानपणापासून पाहत आलेला. त्याचं तोंड उतरलं. तरी म्हणे, बाबा, तुमची मोजण्यात चूक झाली असन.

मोजण्यात चूक! मले! मी त्याले काय बोललो ते इथं सांगत नाही, काकू आत हाये.

मंग मी तीन घंट्या दिल्या. म्हणजे परत लावतो, उचल. अन् ती फोनपाशी येईपर्यंत थांबून परत लावला. वाजून राह्यला, वाजून राह्यला, कोणी उचलत नाही. परत लावला. नाही. प्रकाशनं मोबाइलवरून लावला. नाही. एकट्या बाईच्या घरात फोन वाजून राह्यला अन् उचलाले कोणी नाही. ते वाजणं ऐका एकदा तुम्ही, मंग मले सांगा धीर धरा म्हणून.

आक्काच्या शेजारी एक मास्तर राहत होते, त्याइचा नंबर प्रकाशपाशी होता. त्याइले लावला. ते म्हणे, माही तर बदली झाली, दोन महिने झाले मी बुलढाण्याले हाये. पण थांबा, मी गल्लीत कोणाले तरी विचारतो. बिचाऱ्या माणसानं काय विचारलं अन् कसं विचारलं, ते पुढं येते.

मी म्हटलं, विचारत बसू नका. जीप सांगा.

आमचा नेहमीचा जीपवाला लग्नाच्या वऱ्हाडात गेलेला. प्रकाशनं स्टँडवरून दुसरा आणला, सलीम नावाचा. कधी पाह्यला नव्हता मी त्याले. आठ वाजता निघालो. मी पुढं, मागं बुढी, प्रकाश अन् सूनबाई. अन् निघता निघता माहा साळा बबन येऊन बसला. बबन राहते पलीकडच्या गल्लीत. लग्नाले बोलवलं तर त्याचं पोट दुखते, पण कोणाचं काही बरंवाईट असलं की हा टोपी घालून तयार. त्याले कोणी सांगतलं, आजपर्यंत समजलं नाही.

चिखली ते संग्रामपूर म्हणजे खामगाव घ्या, शेगाव घ्या, वरवट बकाल घ्या, मंग ते संग्रामपूर. तीन तासाचा रस्ता. मी त्या सलीमले रस्ताभर सोडला नाही. हळू काऊन चालवतो बे? एवढ्या जोरात काऊन, मारतो काय आम्हाले? ट्रकले साइड काऊन दिली? हॉर्न काऊन नाही वाजवला? वाजवला तर, एवढा काऊन वाजवला? मागून सूनबाई म्हणे, बाबा, त्याइले चालवू द्या. मी तिच्यावर बी घसरलो. मंग त्या काचेच्या तारेवर, मंग तहसीलवर, मंग शेगावच्या रस्त्यावर. बुढी म्हणते, तुम्हाले भेव वाटलं की तुम्ही असे भुकता. खोटं हाये. पण एक सांगतो, तोंड बंद केलं की ते रिकाम्या घरात वाजणं ऐकू ये. म्हणून तोंड चालू ठेवलं होतं.

खामगावात बबननं मागून हळूच माह्या खांद्याले हात लावला. म्हणे, भाऊजी, एक गोष्ट. रागावू नका. बाईचं शेवटचं लुगडं माहेरचं लागते. इथं बाजार हाये, पुढं एवढं चांगलं भेटत नाही.

मी मागं फिरून त्याच्याकडे असं पाह्यलं की तो टोपीत शिरला. मी म्हटलं, "आक्का मेली असं कोणी सांगतलं तुले?"

सलीमनं गाडी आपल्या मनानं हळू केली.

मंग बुढी म्हणाली, "नाही लागलं तर चांगलंच हाये. पण लागलं अन् हातात नसलं, तर तुम्हीच सोताले कधी माफ करणार नाही."

मी समोरच्या काचेतून पाहत राह्यलो. गाडी थांबली. दुकानदार नुकताच शटर उघडून उदबत्ती फिरवत होता, त्याची भवानी झाली नव्हती. बुढीनं खिडकीपाशी येऊन विचारलं, कोणता रंग घेऊ? मी वरडलो, कोणताबी घे, पहिलं हातात येईन ते घे. ती घेऊन आली, कागदात बांधून, अन् मांडीवर ठेवून बसली. मी पाह्यलं नाही. भाऊबीजेले मी आक्काले पाकीट देतो. लुगडं कधी घेतलं नाही. पाकिटात टाकून दिलं की काम झालं. शेगावपर्यंत हेच डोक्यात घुमत होतं की सत्तर वर्सांत तिच्यासाठी पहिल्यांदा लुगडं घेतलं ते असं, अन् तेही खाली न उतरता.

शेगावले बबननं हार बी घेतला. ते मले उतरल्यावर समजलं.

अकराच्या पुढं संग्रामपूरले पोहोचलो. जीप गल्लीत वळली. आक्काच्या दारात माणसं. ओट्यावर बायका बसलेल्या, डोक्यावर पदर. गडीमाणसं समोरच्या भिंतीले टेकून उभी, कोणी बोलत नाही. एकाच्या खांद्यावर तर टॉवेल बी होता, आंघोळीच्या तयारीचा.

मी उतरलो. लोकाइनं मले पाह्यलं अन् बाजूले सरकून वाट दिली. अशी वाट कवा देतात, माहीत हाये ना तुम्हाले? माह्या तोंडून आवाज निघाला तो माहा होता की नाही सांगता येत नाही. "आक्का!" म्हणून मी गल्लीतच मट्कन बसलो अन् रडाले लागलो. गळा काढून. इतका की दोन जण धराले आले.

आतून आवाज आला, "आता कोण मेलं बे?"

मी रडता रडता वर पाह्यलं.

आक्का दारात आली. हातात चहाची गाळणी, कंबरेले पदर खोसलेला, अन् तोंड असं की ओट्यावरच्या बायका आपोआप मागं सरकल्या. सकाळपासून तिच्या दारात लोक येऊन मुक्यानं बसत होते, अन् कोणी सांगे ना काऊन आले. मास्तरनं बुलढाण्याहून एकाले विचारलं होतं, वच्छलाबाईले काही झालं काय? त्यानं दुसऱ्याले सांगतलं, वच्छलाबाईले काही झालं. तिसऱ्यानं टॉवेल खांद्यावर घेतला. येऊन पाहतात तर बाई देवळातून येऊन भाजी निवडून राह्यली. आता आल्या पायी जावं कसं, म्हणून बसले. अन् ती बिचारी चहाचं दुसरं पातेलं चढवून विचारात पडली होती की गल्लीत मयत कोणाकडे झाली.

तिनं मले खाली बसलेला पाह्यलं. मंग जीपकडे पाह्यलं. भावजय हाये. प्रकाश हाये. सूनबाई हाये. बबन बी हाये.

"नाम्या, सगळे तर इथं हायेत. मंग तू रडून कोणाले राह्यला?"

तेवढ्यात तिची नजर बबनवर गेली. बबन हार पाठीमागं लपवत होता, पण झेंडूचा हार तो, दोन्ही बाजूनं दिसत होता. अन् बुढीच्या हातात कागदाचं पुडकं.

आक्कानं गाळणी सूनबाईच्या हातात दिली. पुडकं घेतलं. सुतळी तोडली. लुगडं बाहेर काढलं, उलगडलं, बोटानं पोत पाह्यला, उजेडात धरून पाह्यलं. सगळी गल्ली पाहून राह्यली. तिले समजलं. तिले न समजाले काय झालं, तिनं अशे लुगडे आयुष्यात कमी पाह्यले नाहीत.

म्हणाली, "माह्यासाठी आणलं?"

मी मान खाली घातली. "हाव."

"खामगावचं?"

"हाव."

"भाऊबीजेले कधी आणलं नाही. अन् आज आणलं तर एवढं पातळ? हे अंगावर घालून मी वर गेली असती तर तुह्या दाजींनी विचारलं असतं, भावाले भेटलं नाही काय चांगलं?"

मी म्हटलं, "आक्का, घाईत घेतलं."

"मले कोणती घाई होती?"

समोरच्या भिंतीपासून एक जण हसला. मंग सगळी गल्ली. तो टॉवेलवाला तर टॉवेल तोंडात धरून हसत होता. मी रडण्यावरून एकदम रागावर आलो. उठलो, धोतर झाडलं अन् तिलेच झापलं. एक घंटी तू दिली. एक म्हणजे काय, हे तुह्या नवऱ्यानंच ठरवलं. मंग आता मले काऊन हसता?

आक्का म्हणे, मी दोन दिल्या. रोजच्यासारख्या. मी म्हटलं, एक आली. ती म्हणे, दोन. मी म्हटलं, मी मापाडी हाये. ती म्हणे, तू माप करत होता तवा लोक घरी जाऊन परत मोजत. हे तिनं चारचौघांत म्हटलं.

शेवटी प्रकाशनं त्या कंपनीच्या माणसाले मोबाइल लावला अन् आवाज मोठा केला, सगळ्याइले ऐकू येईन असा. त्यानं काय सांगतलं, ऐका. जुनी तार सरळ होती, इकडे नंबर फिरवला की तिकडे घंटी. आता तसं नाही. बाहेरचा फोन आला की डबा आधी जागा होते, मंग आपला फोन वाजवते. तेवढ्यात समोरच्याच्या कानात एक घंटी होऊन गेलेली असते. अन् आपण इकडून लावला तर, तिकडे फोन वाजाच्या आधीच डबा आपल्याले एक खोटी घंटी ऐकवते. म्हणजे दोन दिल्या तर एक पोहोचते. तीन दिल्या तर दोन.

प्रकाशनं हिशेब लावला. आक्कानं सकाळी दोन दिल्या, मले एक आली. मी घाबरून तीन दिल्या, तिले दोन गेल्या. दोन म्हणजे सगळं ठीक. म्हणून आक्का कुलूप लावून मारुतीच्या देवळात गेली, अन् मी तिकडून रिकाम्या घरात फोन वाजवत बसलो.

मंग त्या फोनमधून तो माणूस म्हणे, "म्हणूनच मी काकाले म्हणत होतो, पाच मिनिटं थांबा, बाहेरून एक लावून पाहू. पण काकाइनं मले घराबाहेर काढलं."

सगळ्याइनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, फोन बंद कर, बिल येते. मोबाइलले बिल येत नाही म्हणतात. मले काय माहीत?

चहा आला. दुसऱ्या पातेल्याचा. लोक पांगले. आक्कानं लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं, बबनचा हार मारुतीले पाठवून दिला, अन् खाटेवर येऊन बसली. मले वाटलं, आता संपलं. तर ती चहा फुंकत म्हणाली, "बरं झालं समजलं. म्हणजे काल संध्याकाळी तुही एकच आली ती याच्यामुळं."

मी कप खाली ठेवला.

"काल संध्याकाळी तुले एक आली?"

"हाव. सातले."

"एक घंटी आली, अन् तू घरी बसून राह्यली?"

"बसली काऊन? जेवली अन् झोपली."

आता मले सांगा, माह्या डोक्याची काय गत झाली असन. मी उभा राह्यलो. मी म्हटलं, "मी तुह्या एका घंटीवर तोंड न धुता निघालो. पाच माणसं घेऊन आलो, गल्लीत बसून बायकांसारखा रडलो. अन् तुले माही एक घंटी आली तर तू भाकर खाऊन झोपली? मी तिकडे मेलो असतो तर?"

आक्कानं शांतपणे बशी खाली ठेवली.

"अरे, मी तुले न्हाऊमाखू घातलेलं हाये, नाम्या. मी काय समजली, हा आता इतका चिडखोर झाला की याले दुसरी घंटी वाजेपर्यंत बी दम निघत नाही. कोणावर तरी खेकसला असन अन् आदळला असन फोन. मेला असता तर शांतीनं वाजला असता."

मी घरच्याइकडे पाह्यलं. म्हटलं, एक जण तरी म्हणन, नाही हो आक्का, एवढे काही नाहीत ते. बुढी पदर तोंडाले लावून भिंतीकडे पाहत होती. प्रकाश मोबाइलमधे शिरला. सूनबाई कप विसळाले मोरीत गेली, भरलेला कप घेऊन. बबनले तर मी मोजतच नाही.

अन् दारात उंबऱ्याशी बसून तो जीपवाला सलीम चहा पिऊन राह्यला होता. तो आक्काकडे पाहून हळूहळू मान हलवत होता, वर-खाली, अगदी पटल्यासारखी. त्याले मले वळखून अजून चार घंटे बी झाले नव्हते.